अर्धवट संगणकाचे उपकार

पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स या अमेरिकन मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० या नव्या संगणकाचे छायाचित्र आहे. छायाचित्रातला खोका रिकामा आहे. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीहून न्यूयॉर्कला धाडलेला एकुलता एक चालता नमुना वाटेत गहाळ झाला आणि अंक छपाईला जायची तारीख तर डोक्यावर आलेली. तेव्हा एमआयटीएस या छोट्या कंपनीने दर्शनी पट्टीवर दिवे आणि स्विच बसवलेले नुसते कवच पाठवून वेळ मारून नेली. हा किस्सा गंमत म्हणून सांगितला जातो. पण पुढे गिऱ्हाइकांच्या हाती जे पडले, तेही या कवचापेक्षा फार भरलेले नव्हते. त्याला कीबोर्ड नव्हता, पडदा नव्हता, छपाई यंत्र नव्हते. स्मृती २५६ बाइटची. आजच्या युनिकोडच्या हिशेबाने तिच्यात देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे मावतील. प्रोग्रॅम भरायचा तर एकेका बाइटसाठी स्विच वर-खाली करायचे आणि उत्तर दिव्यांच्या उघडझापीतून वाचायचे. तेही किट आणून, शेकडो ठिकाणी सोल्डरिंग करून यंत्र उभे राहिले तर. घरगुती संगणकाचा इतिहास अशा यंत्रापासून सुरू झाला हे सगळेच मान्य करतात, आणि त्याच्या उणिवांकडे बाल्यावस्थेतले दोष म्हणून पाहतात. माझे म्हणणे वेगळे आहे. अल्टेअर अर्धवट होता आणि तो पुरा करायचे काम कोणालाही करता येण्यासारखे उघडे होते, म्हणूनच त्याच्याभोवती माणसे जमली, धंदे उभे राहिले आणि भांडणेही झाली. संगणकाच्या हौशी मंडळींचे खरे कर्तृत्व कोणत्या एका यंत्रात नाही; ते या उघडेपणाची सवय लावण्यात आहे.

अल्टेअरमागे कोणतेही तत्त्वज्ञान नव्हते. एमआयटीएसचा मालक एड रॉबर्ट्स हा हवाई दलातून आलेला अभियंता. त्याची कंपनी हिशेबयंत्रांची किट विकत असे. पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या चिप बनवणाऱ्या बड्या कंपन्या स्वतःच हिशेबयंत्रे विकू लागल्या, भाव कोसळले आणि १९७४ पर्यंत एमआयटीएस कर्जात बुडाली. इंटेलची नवी ८०८० चिप किरकोळ बाजारात ३६० डॉलरला होती. रॉबर्ट्सने घाऊक खरेदीचे आश्वासन देऊन ती ७५ डॉलरला मिळवली, आणि त्यामुळे सगळे किट चारशे डॉलरच्या आत बसवता आले. बँकेपुढे त्याने वर्षाला काही शे यंत्रांचा अंदाज मांडला होता. मागण्या हजारांनी आल्या, आणि त्याही आगाऊ पैशांसह, कोणी यंत्र डोळ्यांनी पाहिलेले नसताना. कंपनीला माल वेळेवर देता येईना. स्टीव्ह डॉम्पिअर नावाचा एक गिऱ्हाईक आपल्या मागणीचे काय झाले हे पाहायला थेट विमानाने आल्बुकर्कीला जाऊन धडकला. दुरवस्था अशी, आणि तरीही कोणी पैसे परत मागण्याच्या घाईत नव्हते. मागवणाऱ्यांना उपयोगाची वस्तू हवी असती तर हे घडले नसते. त्यांना हवा होता संगणकावरचा ताबा, आणि तो तोवर विद्यापीठांच्या, सरकारच्या आणि कंपन्यांच्या वातानुकूलित खोल्यांत बंद होता.

त्या काळी याहून कितीतरी सरस यंत्रे होती, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात १९७३ पासून आल्टो चालू होता. त्याला चित्रे दाखवणारा पडदा होता, माऊस होता, जाळ्याने जोडायची सोय होती. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मिक्राल हा मायक्रोप्रोसेसरवर चालणारा संगणक तयार आणि जोडलेल्या अवस्थेत विकला जाऊ लागला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये डेव्हिड आल याने १९७४ मध्ये शाळा-घरांसाठी लहान यंत्राची योजना मांडली. वरिष्ठांनी ती फेटाळली आणि त्याने कंपनी सोडली. आल्टो प्रयोगशाळेबाहेर फारसा पडलाच नाही. मिक्राल ठरावीक कामांसाठी विकला गेला आणि ती कामे त्याने चोख केली. या यंत्रांभोवती हौशी लोकांची चळवळ उभी राहिली नाही, याचे कारण त्यांची किंमत हे आहेच. पण ती यंत्रे पुरी होती, वापरणाऱ्याला शेजाऱ्याकडे जाऊन काही विचारायची गरज पडत नव्हती, हेही आहे. अल्टेअरवाल्याला ती पहिल्या दिवसापासून पडत होती.

विचारायची जागा लवकरच मिळाली. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे गॉर्डन फ्रेंचच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसे जमली. पीपल्स कॉम्प्युटर कंपनीकडे (नावात कंपनी असली तरी तो सामान्य माणसांना संगणक शिकवणारा गट होता) परीक्षणासाठी आलेला एक अल्टेअर मध्यभागी ठेवलेला. बैठकीचा दुसरा निमंत्रक फ्रेड मूर. यंत्रांपेक्षा माणसांत रमणारा हा शांततावादी. १९५९ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सक्तीच्या लष्करी शिक्षणाविरुद्ध त्याने उपोषण केले होते आणि पुढे सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल तुरुंगवासही भोगला होता. कोणाकडे काय आहे, कोणाला काय येते, कोणाला काय हवे, याच्या याद्या करून त्या सर्वांना वाटाव्यात, ही मूरची पद्धत. होमब्रू कॉम्प्युटर क्लबचे वार्तापत्र याच पद्धतीतून निघाले. नंतर बैठका स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरक केंद्राच्या सभागृहात भरू लागल्या आणि सूत्रे ली फेल्सेनस्टाइनच्या हाती आली. आधी प्रत्येकाने उठून आपले काय चालले आहे ते सांगायचे, मग सगळ्यांनी विखरून ज्याला ज्याची गरज त्याला गाठायचे, असा शिरस्ता त्याने बसवला. त्यानेच आणि त्याच्या मित्रांनी १९७३ मध्ये बर्कलीतल्या एका गाण्याच्या तबकड्यांच्या दुकानात सार्वजनिक टर्मिनल ठेवले होते; रस्त्यावरच्या माणसाने त्यावर निरोप टाकावा आणि शोधावा. समाजचिंतक इव्हान इलिचच्या लेखनाचा त्याच्यावर प्रभाव होता: वापरणाऱ्याला दुरुस्त करता येईल तेच साधन समाजात टिकते. म्हणजे अल्टेअरच्या अपुरेपणाला अर्थ देऊ शकतील अशी माणसे त्या भागात आधीच तयार होती.

क्लबच्या सुरुवातीच्या एका बैठकीचा प्रसंग या मंडळींचे मन उघडे करून दाखवतो. एप्रिल १९७५ मध्ये तोच डॉम्पिअर आपला अल्टेअर घेऊन आला, जमिनीवर बसून स्विच वर-खाली करत आकडे भरू लागला. कोणाचा तरी पाय वायरीत अडकला, स्मृती पुसली गेली, त्याने पुन्हा पहिल्यापासून सगळे भरले. मग यंत्रावर ठेवलेल्या लहानशा रेडिओतून बीटल्सचे एक गाणे ऐकू येऊ लागले. संगणकाच्या आतल्या विजेच्या हालचालींमुळे जवळच्या रेडिओत खरखर उठते हे त्याला योगायोगाने कळले होते. कोणत्या सूचनाचक्राने कोणता स्वर उमटतो हे शोधून त्याने त्या खरखरीचेच सूर बनवले. ज्या यंत्राला जगाशी बोलायचे एकही साधन नव्हते त्याला त्याच्या दोषातून वाचा फुटली. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. व्यावहारिक उपयोग शून्य. पण सभागृहातल्या प्रत्येकाला त्या क्षणी एक गोष्ट कळली असणार: यंत्र काय करू शकते याची यादी ते बनवणाऱ्या कंपनीकडे नाही.

या अपुरेपणाचे दुसरे फळ म्हणजे उद्योग. अल्टेअरमध्ये वेगवेगळी कार्डे बसवण्यासाठी शंभर जोडबिंदूंची एक मार्गिका होती, पुढे एस-१०० म्हणून ओळखली गेलेली. कोणत्या बिंदूवर कोणता संकेत येतो हे लपवलेले नव्हते. एमआयटीएसची स्वतःची स्मृतीकार्डे नीट चालत नसत. बर्कलीतल्या प्रोसेसर टेक्नॉलॉजीने चालणारी कार्डे बनवून विकायला काढली. क्रोमेम्कोने रंगीत चित्रे दाखवणारे कार्ड काढले. इम्सायने तर वर्ष उलटायच्या आत तीच कार्डे घेणारा दुसरा संगणकच बाजारात आणला. रॉबर्ट्स चिडला, या कंपन्यांना त्याने जाहीरपणे बांडगुळे ठरवले. धंदेवाईक माणसाचा राग म्हणून तो समजण्यासारखा आहे. पण ही बांडगुळे नसती तर अल्टेअर कपाटात गेला असता. त्यांच्यामुळेच संगणकाची दुकाने निघाली, आणि बाइटसारखी मासिके (पहिला अंक सप्टेंबर १९७५) आकृत्या आणि प्रोग्रॅमच्या ओळी छापून जगू लागली. मालकाची इच्छा नसताना त्याच्या वस्तूला सामायिक गावठाणाचे रूप आले होते.

इथेच त्या प्रसिद्ध भांडणाकडे यावे लागते, कारण माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा आक्षेप त्यातच आहे. अल्टेअरसाठी बेसिक भाषा लिहिली ती बिल गेट्स, पॉल ॲलन आणि गणिताच्या भागापुरता मॉन्टी डेव्हिडॉफ यांनी, हार्वर्डच्या मोठ्या संगणकावर ८०८० चिपची नक्कल उभी करून. समोर अल्टेअर नसताना लिहिलेला हा प्रोग्रॅम पहिल्याच प्रत्यक्ष चाचणीत चालला. कामगिरी असामान्यच होती. १९७५ च्या जूनमध्ये पालो आल्टोतल्या एका हॉटेलात एमआयटीएसचे फिरते प्रदर्शन आले, तिथून बेसिकची भोके पाडलेली कागदी पट्टी कोणीतरी उचलली. क्लबमधल्या डॅन सोकोलने तिच्या प्रती काढल्या आणि पुढच्या बैठकीत वाटल्या. घेणाऱ्याने आणखी प्रती करून आणाव्यात अशा बोलीवर. ३ फेब्रुवारी १९७६ या तारखेचे गेट्सचे हौशी मंडळींना उघड पत्र या घटनेनंतरचे. अल्टेअरच्या मालकांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतले, संगणकावरच्या वेळेची किंमतच चाळीस हजार डॉलरच्या वर गेली आणि मिळालेल्या मानधनाचा हिशेब तासाला दोन डॉलरसुद्धा पडत नाही, अशी त्याची तक्रार. लोक चोरी करत असतील तर चांगले सॉफ्टवेअर लिहील कोण, हा त्याचा प्रश्न. या पत्राचे दोन वाचनप्रकार रूढ आहेत. एकात गेट्स हा सामायिक कुरणाला कुंपण घालणारा खलनायक. दुसऱ्यात तो हौशी पोरखेळाला व्यवसायाची शिस्त लावणारा शहाणा. दोन्ही वाचनांत हौशी मंडळी भाबडी ठरतात.

पत्रातली मूळ गोष्ट खरी होती: श्रमाला मोल असते, आणि वीस-एकवीस वर्षांच्या पोरांनी केले म्हणून ते कमी होत नाही. त्यावर हार्वर्डच्या संगणकाला सरकारी पैसा होता, मग चाळीस हजारांचा हिशेब कशाला, असा टोमणा तेव्हाही मारला गेला. तो बोचरा आहे, पण उत्तर नव्हे. खरे उत्तर एमआयटीएसच्या दरपत्रकात आहे. कंपनीची स्मृतीकार्डे घेतली तर बेसिक थोडक्यात मिळे. नुसते बेसिक मागितले तर त्याची किंमत यंत्राच्याच घरात जाई. म्हणजे न चालणारी कार्डे खपवण्यासाठी चालणारे बेसिक ओलीस ठेवले होते. गिऱ्हाइकांनी कार्डे दुसरीकडून घेतली आणि बेसिकची नक्कल केली. हे नैतिकदृष्ट्या निर्मळ नाही. पण यावरून ही माणसे सॉफ्टवेअरला पैसेच देत नाहीत, असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण त्याच सुमारास टॉम पिटमनने ६८०० या चिपसाठी लिहिलेले टायनी बेसिक पाच डॉलरला विकले आणि लोकांनी ते आनंदाने विकत घेतले. नक्कल करण्याच्या त्रासापेक्षा किंमत कमी ठेवा, चोरी आपोआप थांबेल, हा डॉ. डॉब्ज जर्नलचा संपादक जिम वॉरन याचा युक्तिवाद होता, आणि तो बाजाराचाच युक्तिवाद आहे. शिवाय त्या वाटलेल्या पट्ट्यांमुळेच अल्टेअर बेसिक ही सगळ्यांच्या सवयीची भाषा झाली. पुढच्या उत्पादकांना आपल्या यंत्रासाठी बेसिक हवे झाले तेव्हा ते गेट्सच्याच दारात गेले.

टायनी बेसिकची हकिकत पत्राच्या वादात मागे पडते, तिला मी जास्त महत्त्व देईन. पीपल्स कॉम्प्युटर कंपनीच्या वार्तापत्रात डेनिस ॲलिसनने दोनतीन हजार बाइटांत बसेल अशा लहान बेसिकचा आराखडा छापला. प्रोग्रॅम नव्हे, तो कसा लिहावा याचा आराखडा. टेक्सासमधल्या दोघा वाचकांनी तो उभा करून पाठवला, तो छापला, त्यावर दुरुस्त्या आल्या, त्या छापायला जानेवारी १९७६ मध्ये डॉ. डॉब्ज जर्नल हे स्वतंत्र नियतकालिकच काढावे लागले. ली-चेन वांगने आपली आवृत्ती लिहिताना वर नेहमीच्या स्वामित्वहक्काच्या ओळीची टर उडवणारी ओळ टाकली. ही बेसिके गेट्सच्या बेसिकच्या तोडीची नव्हती. त्यांना अपूर्णांकही कळत नसत. तरी प्रोग्रॅम कसा बनतो हे त्यांनी हजारो वाचकांपुढे पानापानांवर मांडले. विकत घेतलेल्या पट्टीतून ते शिकायला मिळाले नसते.

आता दुसरा आक्षेप. चिप दरवर्षी स्वस्त होत होत्या, घरगुती संगणक येणारच होता, गॅरेजमधल्या खटपट्यांना उगाच श्रेय कशाला? स्वस्ताईने वेळ ठरवली हे मान्य. रूप मात्र तिने ठरवले नाही. चिप ज्यांच्या हाती होत्या त्या बड्या कंपन्यांना हे यंत्र दिसत नव्हते. पुढे ॲपल काढणारा स्टीव्ह वॉझनिअॅक तेव्हा ह्युलेट-पॅकर्डमध्ये नोकरीला होता. त्याने आपल्या संगणकाचा आराखडा आधी तिथेच दाखवला, कंपनीने नाकारला. तोच आराखडा तो क्लबमध्ये फुकट वाटत होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने पुढे घरगुती संगणक काढला तो बंदिस्त; दुसऱ्यांनी त्याच्यासाठी सॉफ्टवेअर करू नये म्हणून १९८३ मध्ये यंत्रातच अडसर घातला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्या धंद्यातून अंग काढून घेतले. बुडण्याचे मुख्य कारण कमोडोरशी लागलेली भावबाजी हे खरे, पण बाहेरच्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा आधार त्या पडत्या काळात तिच्याकडे नव्हता.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. संगणक घराघरांत नेला तो १९७७ मध्ये आलेल्या ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० या तयार यंत्रांनी, सोल्डरिंगवाल्यांनी नव्हे. माउंटन व्ह्यूच्या बाइट शॉपवाल्या पॉल टेरेलने १९७६ मध्येच ॲपलला बजावले होते की किट नकोत, जोडलेले बोर्ड द्या. हे सगळे बरोबर आहे. पण या तयार यंत्रांच्या पोटात काय होते ते पाहा. रेडिओ शॅकच्या टीआरएस-८० ची रचना करणारा स्टीव्ह लायनिंगर त्याआधी बाइट शॉपमध्ये काम करत होता, आणि यंत्राचे पहिले बेसिक त्याने ली-चेन वांगच्या टायनी बेसिकवरून बेतले. म्हणजे देशभरच्या दुकानांतून विकल्या गेलेल्या त्या यंत्राची भाषा क्लबच्या कुरणातली होती. ॲपल टूला कार्डे बसवायचे दोन स्लॉट पुरेसे होते, असे वॉझनिअॅकचा भागीदार स्टीव्ह जॉब्स याचे मत. वॉझनिअॅकने आठांचा हट्ट धरला आणि तो निभावला. सोबतच्या माहितीपुस्तकात सगळी विद्युत आकृती आणि आतल्या प्रोग्रॅमच्या ओळी छापल्या होत्या. १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क हे हिशेबाच्या तक्त्यांचे सॉफ्टवेअर आले, हिशेबनीस ॲपल टू घेऊ लागले, आणि ज्यांनी आयुष्यात डाख लावला नाही अशांनी त्या रिकाम्या स्लॉटांत कार्डे बसवली. झाकण सहज उघडता येईल असे ठेवण्याची रीत क्लबमधून दुकानात गेली होती.

एक आक्षेप मात्र मला परतवता येत नाही. ही सामायिकता सर्वांची नव्हती. क्लबमध्ये जमणारे बहुतेक जण इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्यांत नोकरी करणारे गोरे पुरुष होते. चारशे डॉलर आणि मोकळ्या संध्याकाळी त्यांच्यापाशी होत्या, आणि घर सांभाळायला बहुधा दुसरे कोणी. फ्रेड मूरला अपेक्षित असलेले, शेजारपाजारच्या गरजेसाठी संगणक वापरणारे मंडळ त्यातून उभे राहिले नाही. तो लवकरच क्लबपासून दूर झाला. उघडे दार म्हणजे सर्वांना पोचता येईल असे दार नव्हे. पण दार उघडे असल्याचा परिणाम ते उघडणाऱ्यांच्या पलीकडे गेला, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा क्लबवाले ज्या कंपनीच्या नावाने बोटे मोडत तिच्याकडूनच मिळतो.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पीसी आणला. वर्षभरात यंत्र उभे करायचे म्हणून फ्लोरिडातल्या तिच्या गटाने बाजारात मिळणारे भाग घेतले, पाच स्लॉट ठेवले आणि यंत्राच्या मुळाशी असलेल्या बायॉस प्रोग्रॅमची ओळन् ओळ माहितीपुस्तकात छापून विकली. रीत ॲपल टूची, त्यामागे अल्टेअरची. छापलेल्या बायॉसवर हक्क आयबीएमचा होता, म्हणून कॉम्पॅकने तो न पाहिलेल्या अभियंत्यांकडून तसेच वागणारे नवे बायॉस लिहून घेतले आणि १९८३ मध्ये आपला पीसी विकायला काढला. मग वाटच मोकळी झाली. तैवानचे कारखाने आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा ‘असेंबल्ड’ पीसी याच वाटेने आले. ॲपलचा १९८४ चा मॅकिंटॉश उलट दिशेला गेला: एकही स्लॉट नाही, आणि खोका उघडायलाही खास लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर. देखणेपणात त्याला तोड नव्हती आणि तो टिकलाही. फक्त तीन वर्षांनी मॅकिंटॉश टू काढताना ॲपलला स्लॉट परत बसवावे लागले. त्याच १९८७ मध्ये आयबीएमला उलटी बुद्धी सुचली. पीएस/२ यंत्रांत तिने जुनी कार्डे न घेणारी मायक्रो चॅनल नावाची नवी मार्गिका घातली आणि ती वापरायची तर परवाना घ्या, पैसे मोजा, असे इतरांना सांगितले. सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्यांनी जुन्या कार्डांनाही सामावून घेणारी स्वतःची मार्गिका जाहीर केली. त्या नऊंत टीआरएस-८० विकणारी टँडी होती, आणि वॉझनिअॅकचा आराखडा नाकारणारी ह्युलेट-पॅकर्डही.